वर जाणारा बाण

“एलुबी, बादलीवर एकच बाण का काढलात?”

म्सुक्वा सरांनी तिचा पेपर वर्गापुढे धरला. जमिनीवर ठेवलेली पाण्याची बादली, आणि तिच्यातून खाली जाणारा वजनाचा ठसठशीत बाण. वर काहीच नाही.

“सर, जमीन बादलीला वर ढकलते म्हणता. मला तर ती ढकलताना दिसत नाही. न पटलेलं काढू कसं?”

“मग घरी जाऊन मक्याच्या पिठाची न्सिमा ढवळा ना, मावशी,” मागून म्फात्सो म्हणाली आणि वर्ग हसला.

वर्गातली सगळी पोरं सोळा-सतराची. एलुबी तिशीला टेकलेली, दोन मुलांची आई. पोटुशी राहिली तेव्हा शाळा सुटली होती; ती तिने आता पुन्हा धरली होती. तिला नर्स व्हायचं होतं, आणि भौतिकशास्त्रात पास झाल्याशिवाय ते होणार नव्हतं.

सर वयाने तिच्याहून लहान. हलक्या आवाजात म्हणाले, “परीक्षेपुरतं पाठ करून टाका.”

“नाही सर. कळेल तेव्हा काढीन.”

पुढच्या चाचणीतही तिने एकच बाण काढला आणि नापास झाली.

त्या शनिवारी आई हापशावरून पाणी घेऊन आली. एलुबी शाळेत जायला लागल्यापासून पाणी आईच भरायची. डोक्यावरची बादली उतरवली तरी तिची मान वळेना. एलुबी तेल घेऊन चोळायला बसली.

“आई, बादली तर डोक्यावर नुसती बसलेली असते. मान एवढी कशी आखडते गं?”

“नुसती बसलेली?” आई चिडली. “ती खाली दाबते आणि मी तिला वर रेटत असते, हापशापासून दारापर्यंत. बघणाऱ्याला वाटतं, बाई मजेत चाललीय.”

एलुबीचा हात मानेवरच थांबला.

सोमवारी ती आपण होऊन फळ्याजवळ गेली. बादली काढली, खाली बाण काढला, आणि तेवढ्याच लांबीचा वर.

“पटलं?” सरांनी विचारलं.

“पटलं. हा वरचा आईच्या मानेचा आहे.”

या वेळी कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे बादली तिनेच उचलली. आई आडवी आली. “हापशावर ही लांब रांग असते. शाळा बुडेल तुझी.” उशिरा येणाऱ्याने पहिला तास बाहेर उभं राहायचं, हा शाळेचा नियम आईलाही ठाऊक होता.

“बुडत नाही. खिडकीतून फळा दिसतो.”

ती पास झाली, काठावर का होईना. पण परीक्षेपर्यंतचा प्रत्येक पहिला तास तिने खिडकीबाहेर उभ्याने काढला. बादलीतून सांडलेल्या पाण्याने भिजलेला शर्ट खांद्यावरच वाळत असायचा, वही खिडकीच्या कठड्यावर. आत म्सुक्वा सर फळ्यावर भिंतीला टेकलेल्या शिडीचं चित्र काढायचे, आणि बाणांची नावं सांगताना त्यांचा आवाज जरा चढायचा, बाहेर ऐकू जाईल इतका.