शिरोरेषेवरची खळी

मी रेषा आखायची एक जुनी सागवानी पट्टी आहे. चर्चच्या बाकांतून उरलेल्या तुकड्यातून सुताराने मला कापले, त्यामुळे ताठ राहणे माझ्या अंगातच आहे.

मित्रांनो, माझे मालक बेंजामिन सर छापखान्यांसाठी अक्षरे घडवत. आधुनिक, मोकळी, अंगावर एकही दागिना नसलेली. एकदा हाताशी काही सापडेना, म्हणून त्यांनी रंगाच्या डब्याचे झाकण माझ्याच कडेने उचकटले. माझा टवका उडाला. मग ‘म’ची शिरोरेषा ओढताना पेन तिथे किंचित खाली उतरले आणि रेषेला खळी पडली. सर ती खोडणार, तेवढ्यात पुण्याचे जाणकार आले. “हा आधुनिक अक्षराचा श्वास,” म्हणाले. खळी राहिली, सरांचे नाव झाले.

पुढे सरांचा हात थरथरू लागला आणि माझी रवानगी कपाटामागे झाली. यंदा पाळकांनी चर्चच्या ‘मुक्त वाचनालया’ची पाटी मागितली. सरांनी नाही म्हटले, आणि त्यांचे जेवणावरून मन उडाले.

ते पाहून सावेडीत राहणारी त्यांची नात एस्तेर आली. तिने सरांची जुनी पोस्टरे मोबाईलवर एआयला दाखवली आणि त्याच वळणाची पाटी मागितली. चहा गाळून होईतो चित्र तयार. तीच गोलाई, तोच मोकळेपणा. मी थक्क झाले. फक्त खळी प्रत्येक अक्षरावर होती.

“आजोबा, बिघडलंय का?”

“न्हाई गं. लई बारीक नजर हाय त्याची. नवा शिष्य जरा जास्तच वाकतो, एवढंच.”

“सगळ्या खळ्या काढायला सांगते.”

“‘म’वरची ठेव.”

“तीच का?”

सरांनी मला बाहेर ओढले आणि तिचे बोट माझ्या टवक्यावर ठेवले. तिने माझ्याकडे पाहिले, मग आजोबांकडे.

“म्हणजे तो श्वास...”

“पुण्याला कळवू नकोस.”

एस्तेरने चित्र पत्र्यावर उतरवून रंगवले. ‘म’ची शिरोरेषा तेवढी सरांसाठी बाकी ठेवली. तिने मला दोन्ही हातांनी दाबून धरले, सरांनी ब्रश टेकवला. हात थरथरला, मी हलले नाही. टवक्यापाशी ब्रश खाली उतरला, नेमका.

मित्रांनो, यंत्राने वळण छान उचलले, मला त्याचे कौतुकच आहे. तुम्हीही उचला. फक्त जुनी पट्टी चुलीत घालण्याआधी तिच्या कडेवरून एकदा बोट फिरवा. आणि डब्यांची झाकणे चमच्याने उघडा.