तीन खाचा अलीकडे

माझी कयाक कोणीतरी माझ्या नकळत वापरत होतं, आणि हे मला माझ्या गुडघ्यांनी सांगितलं.

कयाकमध्ये, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या अरुंद होडीत, बसलं की पाय पुढे पसरून दोन बाजूंच्या दोन पेडलांवर टेकवायचे असतात. ही पेडलं पट्टीवरच्या खाचांमध्ये मागेपुढे सरकतात. आपल्या पायांच्या लांबीप्रमाणे ती एकदा बसवली की पुन्हा कोणी हात लावत नाही. माझी सातव्या खाचेत असतात. त्या शनिवारी सकाळी मी गळ, डबा, लाइफ जॅकेट असा जामानिमा करून पाण्यात उतरलो, पाय टेकवले, तर गुडघे पोटाशी आले. पेडलं चौथ्या खाचेत होती.

पेडल आपोआप सरकत नाही. खिट्टी बोटाने दाबून धरावी लागते, मग सरकतं. म्हणजे कोणीतरी दोन्ही खिट्ट्या दाबल्या होत्या. आणि त्या कोणाचे तरी पाय माझ्यापेक्षा चांगले वीतभर आखूड होते.

आता माझा धंदाच संशयाचा. अपघात झालेल्या गाड्या बघायच्या आणि विमा कंपनीला कळवायचं, की हा पोचा कालचा आहे, पण त्याच्या शेजारचा ओरखडा दोन वर्षांचा आहे आणि मालक धडधडीत थापा मारतोय. बावीस वर्षं हेच केलं. माणूस समोर बसला की आधी त्याचे हात बघतो, मग चेहरा. बायको म्हणते, तुम्ही दूधवाल्याशीसुद्धा पंचनामा केल्यासारखं बोलता. म्हणेना का! शंकेची पाल एकदा चुकचुकली की मला झोप लागत नाही.

चोर कधी येत असणार हे कळायला मात्र फार डोकं लागलं नाही. मला दोन छंद आहेत, कयाकमधून मासे पकडणं आणि लांब पल्ल्याचं धावणं, आणि या दोन सवती एका आठवड्यात नांदवणं म्हणजे कसरत असते. एकदा मी शनिवारी अठ्ठावीस किलोमीटर धावलो आणि रविवारी कयाक काढली. तलावाच्या मधोमध दोन्ही पोटऱ्यांत असे गोळे आले की मी देवाचं नाव घेत एका हाताने वल्हं मारत काठाला लागलो. तेव्हापासून क्रम ठरला तो ठरला. शनिवारी मासे, रविवारी लाँग रन, मंगळवार-गुरुवार छोटे रन. पाऊस असो, पाहुणे असोत, बदल नाही. माझ्या या शिस्तीचं मला फार कौतुक होतं. येईल त्याला मी तोल कसा साधायचा ते ऐकवत असे. रविवारी साडेपाच ते नऊ मी तलावाच्या उलट दिशेला हायवेवर धावत असतो, हे त्यामुळे साऱ्या गावाला ठाऊक होतं. चोरालाही.

कयाक तलावाकाठच्या शेडमध्ये, आकड्यांच्या कुलपात असते. तिथल्या राखणदाराला मी आधी उभा केला.

"रविवारी इथे कोण येतं?"

"रविवारी माझी सुट्टी असते साहेब."

"सुट्टीच्या दिवशी तू येतोस का?"

"सुट्टीच्या दिवशी कोण येईल साहेब?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच येत असेन. तसाही तो ताडमाड उंच. त्याला माझी पेडलं दोन खाचा पलीकडे न्यावी लागली असती. मी त्याला सोडला.

पुढच्या शनिवारी पेडलं पुन्हा चौथ्या खाचेत. त्याच्या पुढच्या शनिवारीही. कुलूप फोडलेलं नव्हतं. म्हणजे आकडा माहीत असलेला माणूस, आखूड पायांचा, रविवारी सकाळी रिकामा. असा माझ्या ओळखीत एकच होता. माझा मेहुणा.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तिच्या माहेरचं आता तेवढंच माणूस उरलंय. शाळांची बाकं दुरुस्त करतो, एकटा राहतो, दर बुधवारी आमच्याकडे जेवायला येतो. गेल्या उन्हाळ्यात त्याने माझी कयाक एकदा मागून नेली होती, तेव्हा आकडा मीच सांगितला होता. चारशे सतरा. पूर्ण मॅरेथॉनची माझी सगळ्यात चांगली वेळ, चार तास सतरा मिनिटं.

बुधवारी तो जेवायला बसला. मी त्याला दोन घास खाऊ दिले.

"रविवारी सकाळी कुठे असतोस रे तू?"

"घरीच. का हो दाजी?"

"माझी कयाक कोणीतरी नेतंय. ज्याला आकडा माहीत आहे असं कोणीतरी."

त्याचा हात ताटातच थांबला. त्याने एकदा बहिणीकडे पाहिलं. ती वाढता वाढता उभी राहिली होती. मग त्याने मान खाली घातली. ही मान मी ओळखतो. दावा खोटा निघाला की गाडीमालक अशीच मान घालतो.

"मीच नेतो दाजी," तो म्हणाला. "सांगायचं राहून गेलं."

मला काय चेव चढला सांगू! मागितली असती तर दिली नसती का, चोरून कशाला, घरच्या माणसाने अशी फसवणूक करावी, मी बोलत सुटलो. शेवटी म्हणालो, "पुन्हा या घरात पाऊल टाकायचं नाही." बायको म्हणाली, "अहो, ऐका जरा..." मी म्हणालो, "तू मध्ये बोलू नकोस, तो तुझा भाऊ आहे म्हणून मी पोलिसांत गेलो नाही." मेहुणा उठला, हात धुतले, बहिणीला नुसती मान हलवून 'नको' अशी खूण केली आणि गेला. ती खूण मी पाहिली. तिचा अर्थ मी असा लावला, की माझ्यासाठी भांडू नकोस.

त्या दिवसापासून घरात बोलणं कामापुरतं उरलं. बायको ताट वाढायची आणि स्वतःचं घेऊन दुसऱ्या खोलीत जायची. बुधवार आला की चार पोळ्या जास्त लाटायची आणि काही न बोलता डब्यात ठेवायची. मला वाटलं, होईल चार दिवसांत सरळ. चोर सापडला होता, मी कुलपाचा आकडाही बदलला होता.

आणि आकडा बदलल्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी पेडलं पुन्हा चौथ्या खाचेत.

मी पाण्यावर तसाच बसून राहिलो. नवा आकडा मी कोणालाही सांगितला नव्हता. मग मेहुण्याला कळला कसा? की त्याचा कोणी साथीदार होता? की तो खोटं बोलला, दुसऱ्या कोणाला तरी वाचवायला? कोणाला? त्या दिवशी एक मोठा मासा गळाला लागला. एरवी मी मासा मोजतो, फोटो काढतो आणि पाण्यात सोडून देतो. त्या दिवशी न मोजताच सोडला.

पुढचा लाँग रन मॅरेथॉनआधीचा शेवटचा मोठा होता. तीन आठवड्यांवर शर्यत, बत्तीस किलोमीटर ठरलेले. तरी मी ठरवलं, चोराला रंगेहाथ धरायचंच. घरातूनही बातमी फुटत असेल तर, म्हणून मी नेहमीसारखा साडेपाचला बूट बांधून निघालो, हायवेला लागलो, तीन किलोमीटरवरून वळलो आणि आडवाटेने तलावाकडे आलो. शेडचं दार लोटलेलं. कयाक नव्हती. चांगली अडीच-तीनशे मीटर आत, पाण्यावर, पाठमोरं कोणीतरी होतं. डोक्यावरून टोपी ओढलेलं जुनं रेनकोट-जॅकेट. आणि वल्हं असं चालत होतं की मी बघतच राहिलो. एकदा डावं पातं, एकदा उजवं, थेंब उडत नव्हता. मी नऊ वर्षं कयाक चालवतोय, मला असं जमत नाही. म्हणजे चोर सराईत होता.

ओरडलो असतो तर पळून गेला असता. तो समोरच्या काठाला चालला होता, हे दिसत होतं. तिथे कोण भेटणार होतं त्याला? काय नेत होता तो? पाण्यावरून तीन किलोमीटर, काठाकाठाने नऊ. मी धावत सुटलो.

आयुष्यात इतका वाईट धावलो नसेन. पायवाट दगडांची, मध्ये दोन ओढे. मी झाडांतून पाण्याकडे बघत पळायचो आणि ठेचकाळायचो. धावायचं एकीकडे आणि डोळे कयाकवर दुसरीकडे, या कसरतीचा सराव मी कधी केलाच नव्हता. सहाव्या किलोमीटरला कयाक दिसेनाशी झाली. आता हातावर तुरी देणार, असं वाटून मी आणखी जोर लावला. मनात मेहुण्याचा एखादा मित्र होता, राखणदाराचा भाऊ होता, तलावावर जाळी टाकणारं कोणी होतं. सगळ्यांचे पाय मनातल्या मनात मोजून झाले.

पलीकडच्या काठाला कयाक वाळूवर ओढून ठेवलेली होती. शेजारी एका दगडावर, जॅकेट काढून, पाय पाण्यात सोडून माझी बायको बसली होती.

ती एकटीच होती. मी तरी झुडपांकडे पाहिलं. तिनेही ते पाहिलं.

"कोणी नाही तिथे," ती म्हणाली. "बसा. धाप लागलीय तुम्हाला."

मी बसलो नाही. "तू? कयाक तू नेतेस?"

"चार महिने झाले. पहिल्यांदा भावाने शिकवलं, मग माझी मीच येते."

"आणि नवा आकडा?"

"एकशे अठ्ठावन्न. हाफ मॅरेथॉनची तुमची वेळ. दुसरा कोणता आकडा ठेवणार होतात तुम्ही?"

रविवारी मी परत यायचो तेव्हा तिचे केस ओले असायचे. बाल्कनीत एक टॉवेल वाळत असायचा. मी तिच्यासमोरून जायचो, बूट काढायचो आणि लिंबूपाणी मागायचो. बावीस वर्षं लोकांच्या गाड्यांवरचे केसाएवढे ओरखडे शोधणारा मी.

"पण कशाला?" मी विचारलं. "मासे तर धरत नाहीस."

"इथे कोणी मला 'माझे पांढरे मोजे कुठे आहेत' म्हणून विचारत नाही." ती हसली नाही. "तुम्ही सगळ्यांना सांगता ना, दोन छंदांचा तोल कसा साधायचा. शनिवारी पहाटे चारला डबा, रविवारी आल्यावर बर्फ, मंगळवार-गुरुवार घामाचे कपडे. पाहुणे आले तर तुम्ही तलावावर, मी त्यांच्यासमोर. तोल माझ्या जिवावर चाललाय तुमचा. मला आठवड्यात दोन तास हवे होते. ते तुमच्याच वेळापत्रकात सापडले."

"अगं मग सांगायचंस! त्याने आळ स्वतःवर घेतला आणि तू गप्प बसलीस?"

"मी बोलायला लागले होते. तुम्ही म्हणालात, मध्ये बोलू नकोस." तिने पाय पाण्यातून बाहेर काढले. "मग मला राग आला. दर वेळी पेडलं परत सरकवून ठेवायचे. पहिल्यांदा ती राहिली, ती चूक होती. त्यानंतर मी मुद्दाम तशीच ठेवत होते. म्हटलं, कधीतरी विचारतील. भावाला घालवलंत, तरी पुढच्या रविवारी तशीच ठेवली. म्हटलं, आता तरी येतील माझ्याकडे. तुम्ही राखणदाराला विचारलंत, भावाला विचारलंत, कुलूप बदललंत. मला विचारलं नाहीत."

"तुझ्यावर संशय कसा घेईन मी?" मी कळवळून म्हणालो, आणि ते खरं होतं. "माझा विश्वास आहे तुझ्यावर."

"विश्वास कसला? माझे पाय किती लांब आहेत, हे तुमच्या डोक्यात तरी आलं का? मी घरातून उठून कुठे जाऊ शकते, हेच तुम्हाला कधी सुचलं नाही. दूधवाल्यावर संशय घेता तुम्ही. माझ्यावर घ्यायला मी दिसावी तर लागते."

 तिने जॅकेट घातलं, कयाक पाण्यात लोटली आणि आत बसली. पाय टेकवताना तिला काही सरकवावं लागलं नाही.

"मी आज भावाकडे जेवणार आहे," ती म्हणाली.

"घरी कधी येशील?"

"ठरवलेलं नाही."

लग्नाच्या एकोणीस वर्षांत हा प्रश्न मी तिला पहिल्यांदा विचारला होता. ती वीस-पंचवीस हात आत गेली तेव्हा मला भीती वाटली. हाक मारावी असं वाटलं, पण हाक मारून पुढे काय म्हणायचं ते कळेना.

परतीचे नऊ किलोमीटर मी कसे धावलो ते सांगता येणार नाही. शेडमध्ये कयाक जागेवर होती, पुसून ठेवलेली. तिथून मेहुण्याचं घर पाच किलोमीटर. तेही धावलो, कारण चालत गेलो असतो तर वाटेत विचार बदलला असता.

दार मेहुण्याने उघडलं. मी चिखलाने भरलेला, गुडघा फुटलेला, कपाळावरून घाम गळतोय. तो दारातून हलला नाही. आतून भाजीला फोडणी दिल्याचा आवाज आला आणि मग तिचा.

"कोण आहे रे?"

"दाजी आलेत, ताई."

 मग ती म्हणाली, "विचार त्यांना, कोणाकडे आलेत."

मेहुणा माझ्याकडे बघू लागला. मी बायकोला घरी न्यायला आलो होतो. सगळ्या वाटेने तेवढंच डोक्यात होतं. त्याची माफी मागायची आहे, हे मला त्याचा चेहरा समोर दिसला तेव्हा आठवलं.

"तुझ्याकडेच आलोय रे," मी म्हणालो.

त्याने आधी माझे हात पाहिले, मग चेहरा.

"खोटं बोलताय दाजी," तो म्हणाला आणि दारातून बाजूला झाला.