डोंगरावर राहिलेलं कीर्तन

"कडूबा, हळू ठेवा ती पेटी. आत फोटोची एकच काच आहे."

"एकच? अन् तेवढ्यासाठी जालन्याहून इथवर आलात?" कडूबा गुरवाने कॅमेऱ्याची पेटी देवळाच्या पायरीवर टेकवली आणि मानेवरचा घाम पुसला. "दोनचार तरी आणायच्या."

"लढाई चालू आहे. काचा येऊनच न्हाई राह्यल्या."

नरहरने तिपाई उभी केली. पूर्वेला डोंगराच्या रांगेमागे नुसते तांबडे फुटले होते. जालन्याच्या मस्तगडातल्या त्याच्या फोटोच्या दुकानात लग्नाची जोडपी येत, मुंजीचे बटू येत, कचेरीतले साहेब टोपी नीट करून बसत. डोंगराचा फोटो त्याने जन्मात काढला नव्हता. डोंगराला 'हलू नका' म्हणावे लागत नाही, एवढाच काय तो दिलासा.

पण हे काम पुंजाराम बुवांचे होते. मागच्या शिवरात्रीला, जागरणानंतरच्या पहाटे, बुवा याच देवळापुढच्या लिंबाखालच्या सपाट दगडावर कीर्तनाला उभे होते. पूर्वरंग झाला. बुक्का लावला, गळ्यात हार पडला. आता आख्यान सुरू करणार, तोच त्यांचे उजवे अंग गेले. वाचाही गेली. लोकांनी झोळी करून खाली नेले. तेव्हापासून वर्षभर केदारखेड्याच्या घरात ते पडून होते आणि डाव्या हाताने डोंगराकडे बोट करत होते. त्यांचे अस्पष्ट बोलणे फक्त त्यांच्या बायकोला, झुंबरबाईंना समजे. त्यांनीच नरहरला बोलावून सांगितले होते, "कीर्तन तिथंच अर्धं राह्यलंय म्हनत्यात. ती जागा, तिथला उगवता दिवस फोटोत एकदा डोळ्यापुढं आणून दे, बाळा. वैद्य म्हनतो, आता जास्त दिस न्हाईत."

नरहरने लहानपणापासून बुवांची कीर्तने ऐकली होती. त्याच्याकडे घड्याळ नव्हते. कॅमेऱ्याचे झाकण काढले की तो मनात 'रामकृष्णहरी' म्हणत मोजायचा, आणि ती लय बुवांच्या टाळांतून उचललेली होती. दुकानात तीन नामे पुरत. आज सहा लागणार.

सूर्याची कड दिसली. त्याने झाकण काढले. रामकृष्णहरी, एक. रामकृष्णहरी, दोन.

आणि मागे झांज वाजली. दिवस उगवताच भूपाळी म्हणायची, हा कडूबाचा रोजचा नेम. त्याचा आवाज जाडाभरडा, पण ताल पक्का. नरहरचे तिसरे नाम त्या तालात गेले आणि चौथे आलेच नाही. भूपाळी संपली, कडूबाने जमिनीला डोके टेकवले, तेव्हा नरहरला आपल्या हातातले झाकण दिसले. सूर्य चांगला वर आला होता.

त्याने झटकन झाकण लावले आणि मटकन खाली बसला.

"काय झालं हो?"

"माती झाली, कडूबा. उजेडानं सगळी काच जळाली असंल."

"म्हादेव घेईल बघून."

"महादेवाला फोटो धुता येत न्हाई!"

कडूबा हसला नाही. त्याने पेटी उचलली आणि तो पायऱ्या उतरू लागला.

जालन्याला पोचल्यावर नरहरने लाल दिव्याच्या उजेडात काच धुतली. आभाळाची नुसती राख झाली होती. सूर्याचा पत्ता नव्हता. तरी त्याने काच कागदावर ठेवून उन्हात छाप घेतला. कागद हळूहळू तपकिरी होऊ लागला आणि नरहर खाली वाकला. सहा नामांवर झाकण लावले असते तर डोंगर काळाठिक्कर आला असता. इथे पायऱ्या दिसत होत्या, लिंबाची पाने दिसत होती, आणि लिंबाखाली बुवांच्या पायांनी गुळगुळीत झालेला तो सपाट दगड.

तरीही केदारखेड्याच्या दारात त्याचे पाय अडखळले.

झुंबरबाईंनी फोटो उजेडात धरला. "यात दिवस कुठंय रे, नरहर?"

"मावशी, माझीच चूक झाली. मी मोजायचं..."

"थांब." त्यांनी फोटो बुवांपुढे धरला.

बुवांचे बोट पायऱ्यांवरून सावकाश चढत गेले, लिंबापाशी आले आणि त्या दगडावर थांबले. मग त्यांनी डाव्या हाताने खांद्याला दोनदा स्पर्श केला.

"उपरणं मागत्यात," झुंबरबाई म्हणाल्या.

उपरणे खांद्यावर आले. डाव्या हातात चिपळ्या दिल्या. नरहरने उंबऱ्याबाहेर वहाणा काढल्या आणि भिंतीशी बसला. बुवांच्या तोंडून शब्द एकही कळण्यासारखा निघत नव्हता. पण ताल तोच, थांबायच्या जागा त्याच. कुठे देव आला, कुठे भक्त रडला, नरहरला सगळे बरोबर समजत होते. कधी नव्हे ते आज त्याला काही मोजायचे नव्हते.

शेवटी झुंबरबाईंनी निरांजन ओवाळले आणि बुक्क्याची वाटी बुवांपुढे धरली. बुवांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि दोन्ही जोडले. मोठा श्वास सोडला. वर्षभरात पहिल्यांदा त्यांना दिवसा शांत झोप लागली.

"झालं बाबा एकदाचं," झुंबरबाई म्हणाल्या आणि डोळे पुसत हसल्या.

फोटो बुवांच्या छातीवर होता. झोपण्याआधी त्यांनी बुक्क्याचे बोट फोटोतल्या त्या दगडावर टेकवले होते. तिथे काळा ठिपका उमटला होता. छापावर डाग दिसला की पुसायचा, ही नरहरची सवय. त्याने खिशातला रुमाल काढला.

मग तो तसाच घडी करून परत ठेवला.