मीसाकचा डावा कान

मात्रोनाबाईंच्या घरात सात वर्षांच्या पोरीला सगळे दादा म्हणत. शाळेत ती क्रिस्टी, पण खरं नाव मीसाक. आणि मीसाक म्हणजे मात्रोनाबाईंचा मुलगा, त्यांच्या लेकीचा, अगाफ्याचा, थोरला भाऊ. तो नदीत बुडून गेला, त्याच हिवाळ्यात अगाफ्याला ही मुलगी झाली. मग दुसरं नाव ठेवायचं कारणच काय? गेलेल्याचं नाव बाळाला दिलं की गेलेला घरी येतो, हे आमच्या नदीकाठी कुणाला पटवून द्यावं लागत नाही. मात्रोनाबाई नातीशी बोलायच्या तेही मुलाशी बोलावं तसंच. "आलास का रे? बूट झटक आधी. लेका, अख्खा बर्फ घरात आणलास!" पोर निमूट बूट झटकायची. अगाफ्याही वेणी घालताना "दादा, मान हलवू नकोस" म्हणायची, आणि तिचं तिलाही त्यात काही वेगळं वाटत नसे.

सातव्या वर्षीच्या हिवाळ्यात या छोट्या दादाचा डावा कान वाहू लागला. औषधाचे थेंब झाले, गोळ्या झाल्या, कान काही थांबेना. शाळेतल्या बाईंनी निरोप धाडला, मुलगी हाक मारली तरी बघत नाही.

अगाफ्या गावच्या दवाखान्यातली आरोग्यसेविका. गावात डॉक्टर नाही, रस्ता नाही, विमान आलं तर आलं. पण दवाखान्यात एक कॅमेरा आहे, पेनाएवढ्या नळीचा. तो कानात धरला की आतला पडदा समोरच्या स्क्रीनवर ताटाएवढा दिसतो. फोटो काढून पाठवला की लांब शहरातल्या कानाच्या डॉक्टरीणबाई बघून सांगतात. गावातल्या बहुतेक पोरांचे कान अगाफ्यानं असे पाहिले होते. स्वतःच्या मुलीचा मात्र पहिल्यांदाच. तिनं कापसानं पू टिपला आणि तो वास नाकात शिरला.

त्या वासानं ती थेट लहानपणात गेली. थोरल्या मीसाकचे दोन्ही कान वाहायचे. तेव्हा निम्म्या गावाचे वाहायचे. दात पडावेत तसं ते चालायचं. आई सीलचं तेल कोमट करायची, आणि तो तिच्या मांडीवर डोकं टेकून डोळे मिटायचा. बोरं वेचायला जाताना अगाफ्या नेहमी त्याच्या उजव्या हाताला चालायची, कारण तो कान जरा बरा होता. तिचं बोलणं कळलं नाही तर तो तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवायचा आणि ओठ बघायचा. त्याच्या बोटांना वाळत्या माशांचा वास असायचा. किती सुखाचे दिवस होते ते! कानातून पू वाहत होता आणि तरी सुखाचे होते.

मग एका हिवाळ्यात गोठलेल्या नदीवर विमान उतरलं आणि सहा वर्षांच्या मीसाकला मोठ्या इस्पितळात घेऊन गेलं. आईला विमानात जागा नव्हती. तिनं रात्रंदिवस खपून त्याला नवा फरचा अंगरखा शिवला होता. दुसऱ्या वर्षी वसंतात हंस परतले तेव्हा पोरगं परत आलं, ते दुसऱ्याच कुणाचा तरी कोट घालून. डाव्या कानामागे लांब व्रण. तिथल्या लोकांत राहून तो आपली बोलीच विसरला होता; आई काय म्हणते ते त्याला कळेना, तो काय म्हणतो ते आईला कळेना. दारात पाहुण्यासारखा उभा राहिला. मग अगाफ्यानंच त्याला पुन्हा बोलायला शिकवलं. मासा नाकासमोर धरून ओरडायची, "नेका! म्हण, नेका!" तो म्हणायचा आणि दोघं हसून लोळायची. भाषा आली परत, पण डावा कान गेला तो गेलाच. पुढे कित्येक वर्षांनी, नदीवरच्या पातळ झालेल्या बर्फावरून तो गाडी घेऊन चालला असताना लोक काठावरून ओरडले, ते नेमके डाव्या बाजूनं.

आई त्यावर इतकंच म्हणायची, "कान बरा करायला नेला, आणि जीभ काढून धाडला." तेव्हापासून त्या घरातून कुणी इस्पितळात गेलं नव्हतं. कागदावर अगाफ्याची सही चालली असती, नाही असं नाही. पण आईचं मन मोडून त्या घरात कुणी साधा चहासुद्धा केला नव्हता. आणि पोरीचा कान तर चालला होता.

फोटोबरोबर माहिती भरायची असते. आई शेजारीच बसली होती. अगाफ्यानं वाचलं, "आधी या कानाचं ऑपरेशन झालं होतं का?" आईनं भुवया उंचावल्या. आमच्याकडे हो म्हणायला तोंड उघडावं लागत नाही.

"कधी?"

"सहा वर्षांचा होता तेव्हा. तुला ठाऊक नाही का? कानामागून कापलं मेल्यांनी."

आणि अगाफ्यानं, इतकं शिकलेल्या, इतक्या हुशार अगाफ्यानं, ते तसंच्या तसं लिहून पाठवलं!

दुसऱ्या दिवशी फोन वाजला. आई आणि मीसाक दवाखान्यातच होत्या.

"अगाफ्या, फोटो सुरेख आलेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण माझा गोंधळ उडालाय. ऑपरेशन गेल्या वर्षी झालं? कुठे? इथे तर काहीच नोंद नाही."

अगाफ्याच्या लक्षात आलं आणि तिचे कान लाल झाले. "ते... ते हिचं नाही, डॉक्टर. माझ्या भावाचं."

"भावाचं? बरं. तरीच म्हटलं. अगं, या कानाला कुणी कधी हातसुद्धा लावलेला नाही. पडद्याला भोक आहे, पण नवं आहे. जुन्या जखमेची खूण नाही, आतली हाडं शाबूत. कानाच्या पाळीतली चिमूटभर चरबी घेऊन ठिगळ लावू. पुढच्या महिन्यात आम्ही तुमच्या नदीवरच्या मोठ्या गावात येतोय. एक दिवसाचं काम. पण वेळ घालवू नका, ऐकू येणं कमी होत जाईल."

"काय म्हणतेय ती?" आईनं विचारलं. चेहरा दगडासारखा.

"ठिगळ लावायचं म्हणतात."

"ठिगळ मलाही लावता येतं. आयुष्यभर कातडीच शिवत आलेय. पाठवायचं नाही. एकदा पाठवलं तेवढं पुरे."

"आई, ऐक तरी. त्या म्हणतात, या कानाला कुणी हात लावलेला नाही. कापल्याची खूणच नाही."

आई उठून स्क्रीनजवळ आली. "दाखव."

अगाफ्यानं फोटो उघडला. लालसर कडांमधला करडा पडदा, खाली एक काळं भोक. आईनं नाक काचेला टेकेल इतकं जवळ नेलं.

"हा डावा?"

"डावाच."

आईनं नातीला जवळ ओढलं, कान पुढे दुमडला आणि मागची कातडी अंगठ्यानं चाचपली. गेली सात वर्षं तिनं तो कान धुतला होता, पुसला होता. पण तिनं आज तो पाहिला.

"नाहीच की गं," ती हळूच म्हणाली. "तिथलं सगळं तिथंच टाकून आला. माझा लेक कोरा कान घेऊन आला." आणि मात्रोनाबाई रडू लागल्या. मुलगा नदीत गेला तेव्हाही चारचौघांत न रडलेल्या मात्रोनाबाई.

"आजी, काय झालं?" मीसाकनं तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं, ओठ बघायला.

अगाफ्यानं ती बोटं पाहिली आणि तिचाही धीर सुटला.

"काही नाही रे, बाळा," आई म्हणाली. "विमानात बसायचंय आपल्याला. आपल्याला म्हणतेय मी, कळलं का? मला जागा नाही म्हणाले तर मी त्यांच्या वैमानिकाच्या मांडीवर बसेन."

फोनवर डॉक्टरीणबाई ताटकळल्या होत्या. "हॅलो? अगाफ्या? मग मुलीला पाठवताय ना?"

"पाठवत नाही, डॉक्टर," अगाफ्या डोळे पुसत म्हणाली. "आई त्याला घेऊन येतेय."