तुआलाचं शांत नारळपाणी

"बघा, बघा! तासभर नाचून घामाघूम झाली, तरी तालितामावशीची छाती धडधडत नाही!" तुआलाने मावशीचं मनगट उंचावलं आणि चर्चच्या हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. "हृदय शांत झालं, म्हणजे चरबीला वितळायचा हुकूम सुटला!"

हुकूम म्हणे! गावच्या दवाखान्यातली नर्स लुपे दारात उभी राहून चरफडत होती. या बुवाने सगळं बेट डोक्यावर घेतलं होतं. माझं नारळपाणी प्या, नाचा, बारीक व्हा. डॉक्टरांच्या गोळ्या मात्र देवाला वाहा. कुणाच्या घरून काय दान आलं ते चर्चमध्ये नाव घेऊन पुकारायची इथली रीतच, मग काय, घराघरांत चढाओढ. "ओसानाच्या घरून रक्तदाबाच्या गोळ्यांची चार पाकिटं!" ती पाकिटं लुपेनेच वाटली होती.

तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ सेफो नाचता नाचता खाली बसला. त्याला लहानपणापासून दमा.

"ताई, पंप मारला गं... काहीच होत नाही."

लुपेने त्याच्या हातातला नारळपाण्याचा पेला हिसकावला. तळाशी पांढरा चुरा होता, आणि तिनेच वाटलेल्यांपैकी एक अर्धवट विरघळलेली गोळी.

"मेल्या, लोकांच्याच गोळ्या कुटून लोकांना पाजतोस?" ती तुआलावर किंचाळली. "अहो, ऐका! नाचताना अंगात अ‍ॅड्रेनलिन सुटतं. ते हृदयाला पळवतं आणि चरबी फोडायला लावतं. ही रक्तदाबाची गोळी त्याला दारातच अडवते. म्हणून नाडी मंद! आणि चरबी उलट कमीच फुटते. दम्याच्या पंपाची वाटही हीच गोळी अडवते!"

"चार बुकं शिकलीस म्हणून देवाच्या माणसावर आळ घेतेस?" तालितामावशी कडाडली.

"सैतानाला बरोबर झोंबलं!" तुआला म्हणाला. हॉल खदाखदा हसला.

सेफोचे ओठ निळे पडले तेव्हा कुठे हसू थांबलं. कुणीतरी ट्रक काढला. मोठं हॉस्पिटल बेटाच्या दुसऱ्या टोकाला. लुपे पंप दाबत राहिली. उपयोग नाही हे तिला कळत होतं, पण हात रिकामे ठेवणार कसे? रस्त्यातच सेफो गेला.

तुआला पहिल्या बोटीने पसार झाला. बाबांनो, देवाला खुशाल भजा. पण कुणी चमत्काराचा पेला पुढे केला, तर आधी एवढंच विचारा, "यात काय आहे?" लुपेच्या भावाला हे विचारायला कुणी शिकवलं नाही.