टाचणीची अक्षरं

माझी बायको लोव्हिना रागावली की बोलत नाही, पाव भाजते. त्या हिवाळ्यात आम्ही फार पाव खाल्ले.

कारण तिचा धाकटा भाऊ सायलस. बोस्टनला राहून गोष्टी लिहायचा, नाव झालं होतं त्याचं. एका गोष्टीत त्यानं शनिवारच्या हंडीत घेवड्याचे दाणे मोजून टाकणारी चिक्कू बाई रंगवली. नाव वेगळं, गाव वेगळं, पण आमच्या साऱ्या गावानं बाई ओळखली. चर्चच्या पायरीवर कुणीतरी विचारलं, "काय लोव्हिना, आज किती दाणे?" झालं! सायलसचं नाव घरातून उठलं.

या बहीणभावांचा पत्रव्यवहार टाचणीचा. पत्राचं टपाल महाग, वर्तमानपत्र मात्र जवळजवळ फुकट येई. म्हणून सायलस छापील अक्षरांखाली टाचणीनं भोकं पाडून मजकूर जुळवायचा आणि अंक धाडायचा. लव्ही तो उजेडाला धरून वाचायची. पोस्टमास्तर डोळेझाक करी, कारण त्याच्या घरीही हाच धंदा. आता मात्र अंक आले तसे चुलीमागे पडू लागले.

"निदान बघ तरी," मी म्हणालो.

"तूच बघ. मला दाणे मोजायचेत."

दुसऱ्याच्या पत्रात नाक खुपसणं मला जमत नाही. मी मुकाट्यानं जोडे शिवत बसलो.

मग एकदा छपरावरचा बर्फ घसरला आणि स्वयंपाकघरातली काच फुटली. लव्हीनं हाताला आला तो अंक खळ लावून चौकटीवर चिकटवला. सकाळी ऊन आलं आणि कागदभर ठिपके चमकले. आता न बघून चालतंय कुठं!

"'धराची आठबण येते,'" तिनं वाचलं आणि खो खो हसली. "अरे, घराचा घ येईना तुला! म्हणे लेखक! मी शिकवलंय याला शुद्धलेखन, रूबेन. एक चूक करायचा नाही."

आणि हसता हसता थांबली. पिठाच्या हातांनीच तिनं चुलीमागचा गठ्ठा ओढला आणि एकेक अंक खिडकीशी धरू लागली. आधीच्या अंकांत सगळं बरोबर होतं: 'चुकलो, लव्ही. माफ कर.' मग घचा ध, भचा म. शेवटच्या अंकातली भोकं तर कुठल्याच अक्षराखाली नव्हती, कोऱ्या कडेवर पडली होती.

"त्याला दिसेनासं झालंय," ती म्हणाली. "आणि मी हसले रे."

ती रडली. मीही रडलो, लाज कसली त्यात? आमच्या चुलीपाशी वाढलेलं पोर ते.

लगेच निघायचं तर रस्ते बर्फानं बंद. टपालाची घसरगाडी तेवढी जाई, माणसं घेत नसे.

"तोवर पत्र टाक," मी म्हणालो.

"वाचणार कोण? त्याची घरमालकीण? तिच्या तोंडून ऐकायचं त्यानं?" तिची नजर माझ्या बैठकीकडे गेली. "तुझी आरी दे."

"कागदाला? चामडं टोचायची चांगली आरी आहे ती!"

"दे म्हणते ना!"

जाड कागदाच्या पाठीवर ती टोचत बसली, म्हणजे पुढून उंचवटे उठतात आणि बोटांना लागतात. पण पाठीवरून अक्षरं उलटी काढावी लागतात. दोन कागद वाया गेले, एकदा बोट फुटलं, मी मदतीला गेलो तर ओरडा खाल्ला. शेवटी मोठाल्या अक्षरांत दोनच शब्द उठले: 'मी येते.'

रस्ता मोकळा झाला तसे आम्ही दोघं निघालो. बोस्टनला सायलसची खोली वर, जिना अंधारा. तो खिडकीशी बसला होता, दाढी वाढलेली, मांडीवर तोच कागद. इतक्यांदा बोटं फिरवली होती की उंचवटे पार झिजले होते. लव्हीची पावलं ऐकून त्यानं मान वळवली, पण भलतीकडेच.

"लव्ही," तो म्हणाला, "'येते'मधला त उलटा पडलाय."

"गप रे," ती म्हणाली. त्याच्यापुढे गुडघ्यावर बसली, त्याचे दोन्ही हात उचलून आपल्या ओल्या तोंडावर ठेवले. "आता हे वाच."