निळ्या काठाचा पेला

बंद इमारतीत पालेभाजी पिकवायची ती कंपनी. ऊन नाही, माती नाही. मांडणीवर मांडणी, वर जांभळे दिवे, मुळांखालून खतपाणी. पाल्याला गाळून हवा मिळायची आणि बायकांना न गाळता शिव्या. हुकूम तर पैशाला पासरी. त्यातला सगळ्यात जालीम हा, की इथं राबणाऱ्या बाईने स्वतःच्या घरात एक रोपटंसुद्धा ठेवायचं नाही. अंगावरून कीड येते म्हणे. म्हणजे दिवसभर दुसऱ्याची हिरवळ पोसायची आणि घरी येऊन भिंती बघायच्या.

धाकटी हिरव्या रांगेत काम करायची, तिची थोरली जाऊ निळ्या रांगेत. रोपं ज्या जाळीदार पेल्यांत उभी असत, त्यांच्या काठाला रांगेचा रंग असायचा. कुणाच्या हातचं रोप मेलं ते लगेच कळावं म्हणून.

त्या दिवशी पालकाच्या पानामागे मावा ही बारीक हिरवी कीड सापडली. सुपरवायझरने सगळ्यांना नळापाशी उभं केलं.

"कुणाच्या घरी झाड आहे?"

सगळ्यांच्या नजरा नळाकडे.

"ठीक. उद्या आमचा माणूस घरोघर येईल. जिच्या खोलीत पान दिसेल, तिने परत इथं तोंड दाखवायचं नाही."

धाकटीच्या घरी सासूची मिरची होती, स्वयंपाकघराच्या खिडकीत, तेलाच्या जुन्या डब्यात. आणि ही नोकरी होती म्हणून तर धाकटीला त्या घरात तोंड उघडता येत होतं. त्याआधी तिची किंमत पायपुसण्याएवढी होती.

घरी शिरताच ती म्हणाली, "आई, ती मिरची आजच्या आज टाका."

"आधी मला टाका," सासू म्हणाली. "लेकराच्या मायेने वाढवलीय मी."

"कशाला भांडता?" थोरली लाडात म्हणाली. "मी बघते काय करायचं ते. तू झोप गं."

थोरलीने बघितलं ते असं: सकाळी धाकटी अंघोळ करून खोलीत आली, तर मिरची तिच्याच खिडकीत!

"जाऊबाई, हे काय?"

"तुझ्याकडे ऊन चांगलं येतं."

"आणि तो माणूस आला म्हणजे?"

"एकीची जाईल, दुसरीची राहील." थोरली वेणी घालत होती, मान वळवायचीही तसदी तिने घेतली नाही. "मी तिथं तुझ्या आधी लागलेय. चिकटवलंय पण मीच तुला. एवढं तर करशील?"

धाकटीने रागाने रोप उपसलं. डब्यातून अख्खा पेलाच वर आला. कंपनीचा, जाळीदार, निळ्या काठाचा. सासूची मर्जी राखायला थोरलीने तो चोरून आणला होता आणि डब्याच्या आत असल्यामुळे इतके दिवस कुणाला दिसला नव्हता.

धाकटी पेला हातात घेऊन तशीच कंपनीकडे निघाली. मागून थोरली अर्ध्या वेणीने धावली.

"अगं ए! डोकं फिरलंय का तुझं? थांब म्हणते ना!"

वाटेत कचराकुंडी होती. तिथं टाकलं असतं तर दोघी वाचल्या असत्या. धाकटीला ते कळत नव्हतं असं नाही. कुंडीपाशी तिचा पायही अडखळला. पण मागून थोरली ओरडली, "टाक तिथंच, भिकारडे!" आणि धाकटी पुढे चालू लागली.

तिने पेला कंपनीच्या दारातल्या टेबलावर आदळला. सुपरवायझरने काठ पाहिला, मग थोरलीकडे पाहिलं.

"निळी रांग."

"साहेब, घर एकच आहे आमचं!" थोरली किंचाळली. "हीपण रोज त्याच घरातून येते!"

"मग दोघी चालू पडा," तो म्हणाला आणि चिमट्याने मिरची उचलून जाळायच्या पिशवीत टाकली. तिच्या एकाही पानावर मावा नव्हता. ते बघायची त्याला गरजही वाटली नाही.

दोघी परत आल्या, रस्त्याच्या दोन कडांनी. दारात सासू उभी.

"माझी मिरची कुठंय?"

"जाळली," धाकटी म्हणाली. "आणि आमची नोकरी गेली. दोघींची."

सासूने दोघींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग आत जाऊन तिने बियांची डबी आणि तो तेलाचा डबा आणला आणि डब्यात उरलेल्या मातीत बी पेरलं.

"चला, आता कुणाच्या बापाला भ्यायचं नाही. पाणी आण गं."

कुणाला सांगितलं ते तिने सांगितलं नाही. दोघीही जागच्या हलल्या नाहीत.